दिसेल ते सगळं बोलायचं

वडील गेले तेव्हा दोघी बहिणींना मिळून एकच गाडी ठेवून गेले. गाडी जुनी, पण धडधाकट, आणि रंगाने पिस्त्यासारखी हिरवी. हा रंग कंपनीने एकदाच काढला आणि लोकांची तोंडं पाहून लगेच बंद केला, असं वडील मोठ्या अभिमानाने सांगायचे. सगळ्या शहरात तशी दुसरी गाडी नव्हती. ती ताईच्या घरी राहिली, कारण ताईकडे गॅरेज होतं आणि धाकटीकडे फक्त चष्म्याचं दुकान आणि त्याच्यावरच्या दोन खोल्या. गाडी ताईकडे गेली आणि किल्ली ताईच्या नवऱ्याकडे. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, विचारलं असतं तर तिघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

धाकटीचे हे भावजी अग्निशमन दलात बंब चालवणाऱ्यांना शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरात त्यांचा जीव रमेना. ताईला भांडी कोणत्या क्रमाने विसळावीत हे ते सांगायला लागले, तेव्हा ताईनेच त्यांना कुशल वाहनचालक मंडळाचा पत्ता शोधून दिला. हे मंडळ रविवारी एका शाळेच्या सभागृहात भरायचं. ज्यांना गाडी येते त्यांनाच तिथे गाडी नव्याने शिकवायचे आणि शेवटी परीक्षा घ्यायचे. भावजी तिथे गेले ते पाण्यात मासा सोडावा तसे. हात स्टेअरिंगवर दहा वाजून दहा मिनिटांच्या जागी. चाक ओढायचं आणि ढकलायचं, हातावरून हात जाऊ द्यायचा नाही. थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. आधी रस्त्यावरची जागा, मग वेग, मग गिअर, याच क्रमाने. या क्रमात कोणी ढवळाढवळ केली की भावजींच्या कपाळाची शीर उडायची.

धाकटीचं चालवणं म्हणजे दुसऱ्या टोकाचा कारभार. दुकानाची जुनी व्हॅन घेऊन ती वृद्धाश्रमांत आणि शाळांत डोळे तपासायला जायची. एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हातात सफरचंद, आणि गिअर बदलायची वेळ आली की सफरचंद दातांत. आजवर आपल्या गाडीने कोणाला खरचटलंही नाही, असं ती ठासून सांगायची. त्यात तिचं काही कर्तृत्व नाही, समोरचे लोक बिचारे सावध असतात, असं भावजी तितकंच ठासून सांगायचे.

त्या वर्षी धाकटीच्या मुलाला समुद्राकाठच्या एका बंदरात नोकरी लागली. त्याला भेटायला जायचं, आठवडाभर राहायचं, येताना किनाऱ्याच्या रस्त्याने रमतगमत यायचं, असं तिच्या मनात आलं. व्हॅन पुलाच्या चढावरसुद्धा धापा टाकायची, तिच्या जिवावर एवढा पल्ला शक्य नव्हता. म्हणून तिने जेवणाच्या टेबलावर पिस्ता गाडीचा विषय काढला. अर्धी गाडी माझीही आहे, हे वाक्य तिने घरून तयार करून आणलं होतं, पण ते वापरायची वेळ आली नाही. भावजी नाही म्हणणाऱ्यांतले नव्हतेच. ते अट घालणाऱ्यांतले होते. मंडळाची परीक्षा पास हो आणि गाडी घेऊन जा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि भात पुढे ओढला.

त्यावर वाद झालाच. धाकटीचं म्हणणं, चष्म्याचा नंबर यंत्र सांगतं, पण दांडी ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे वाकवावी लागते. न वाकवता दिली तर नंबर बरोबर असूनही माणूस अडखळतो. नियमांचंही तसंच.

"कान वाकडे असतात म्हणून तू दांडी वाकवतेस," भावजी म्हणाले. "रस्त्याला कान नसतात."

मग ते थोडे गंभीर झाले. आग लागलेल्या घराकडे बंब पळवताना डोकं चालत नाही, ते म्हणाले. तेव्हा हात चालतात, आणि हातांना जी सवय असेल तीच चालते. म्हणून सवय अशी घोटून घ्यायची की ऐनवेळी डोक्याची परवानगी मागायला जावं लागू नये. वाकवायचं म्हटलं की प्रत्येकजण आपल्या सोयीच्या बाजूनेच वाकवतो.

धाकटीला हे पटलं नाही, पण खोडताही आलं नाही, आणि ज्याचं बोलणं खोडता येत नाही त्याचा तिला फार राग यायचा. तिने अट मान्य केली. ताईने दोघांनाही गप्प जेवायला सांगितलं.

शिकवणी सुरू झाली. पहिल्या रविवारी भावजींनी सफरचंद जप्त केलं. दुसऱ्या रविवारी तिच्या डाव्या कोपराला शिस्त लावली. धाकटी दात ओठ खात हे सगळं करत होती. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तिचे हात आपोआप दहा वाजून दहा मिनिटांवर जायला लागले होते, आणि याची तिला लाज वाटायची.

मग आलं बोलतं ड्रायव्हिंग. मंडळाच्या सगळ्या विद्यांमध्ये भावजींची ही सगळ्यात लाडकी. गाडी चालवताना चालवणाऱ्याने आपल्याला जे जे दिसतंय ते मोठ्याने बोलत राहायचं. पुढे सिग्नल, हिरवा, बराच वेळ हिरवा आहे, म्हणजे आता बदलेल, आरसा पाहते, वेग कमी करते. बोललं की नजर झोपत नाही, आणि शेजारी बसलेल्याला कळतं की हिला काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये. मंडळात भावजी असं बोलत चालवायला लागले की लोक मागच्या सीटसाठी नंबर लावायचे.

धाकटीला मात्र ते जमेना. एकट्याने बडबडायचं म्हणजे तिला वेड्यासारखं वाटायचं. ती पुटपुटायची, मध्येच गप्प व्हायची. एक माणूस सायकल हातात धरून उभा होता, त्याच्याबद्दल ती काही बोलली नाही, तेव्हा भावजींनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"तो सायकलवर चढला असता तर?" ते म्हणाले. "निवडायचं काम तुझं नाही. दिसेल ते सगळं बोलायचं. एक गोष्ट गाळायची नाही."

"सगळं?"

"सगळं."

धाकटी घरी आली, वरच्या खोलीत गेली आणि चहा टाकता टाकता एकटीच हसली. आजवर ती नियम मोडून भावजींना छळत आली होती. नियम पाळून माणसाला याहून जास्त छळता येतं, हे तिला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ताईही सोबत होती. तिला बाजारात उतरायचं होतं म्हणून ती मागे पिशवी घेऊन बसली. गाडी गल्लीतून बाहेर पडली आणि धाकटीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"उजवीकडे कचऱ्याची गाडी, उभी. मागे माणूस, तो खाली उतरू शकतो, जागा सोडते. पहिल्या मजल्यावर बाई, केस वाळवतेय, केसांचा रंग गेल्या आठवड्यात वेगळा होता. पुढे वळण. आरसा. आरशात ताई, पिशवीत काहीतरी शोधतेय. डावीकडे भावजी, पोटावर हात. भावजींचा उजवा पाय जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक दाबतोय. सिग्नल, लाल. शेजारच्या गाडीतला माणूस नाकात बोट घालतोय, म्हणजे त्याचा एक हात स्टेअरिंगवर नाही, अंतर वाढवते."

मागे ताई पदर तोंडाला लावून हसत होती. भावजींना बोलायला काही जागाच नव्हती. नियम त्यांचा, शब्द त्यांचे, आणि पोरीने एक गोष्ट गाळली नव्हती. उलट तिची नजर किती दूरवर जातेय, हे पाहून त्यांच्यातल्या शिक्षकाला आतून बरंच वाटत होतं. नाक्यावर ते एवढंच म्हणाले की वेग थोडा आणखी एकसारखा ठेव.

बाजाराच्या अलीकडे एक बेकरी आहे. बेकरीसमोर फुटपाथच्या कडेला कमरेएवढे लोखंडी खांब लावलेत, गाड्या वर चढू नयेत म्हणून. धाकटीने चपलांच्या दुकानापासून सुरुवात केली. मग दूधवाल्याची गाडी, मग बेकरीच्या दारात उभा असलेला बेकरीवाला. त्याने पिस्ता गाडी पाहिली आणि हात वर करून ओळखीचं हसला. आणि तेवढ्यात धाकटीला पहिला खांब दिसला. काळ्या खांबाला गुडघ्याच्या उंचीवर एक आडवा ओरखडा होता, आणि त्या ओरखड्यात रंग होता. पिस्त्याचा.

आता इथे थोडं मागे जायला हवं. महिन्यापूर्वी पिस्ता गाडीच्या मागच्या बाजूला एक पोचा आला होता. आपण पोस्टात उभे असताना कोणा नालायकाने गाडीला धडक मारली आणि पळ काढला, असं भावजींनी घरी सांगितलं होतं. नुसतं सांगून ते थांबले नव्हते. लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही यावर त्यांनी मंडळात व्याख्यान दिलं होतं आणि त्यात या पोच्याचा दाखला दिला होता. दुसरी गोष्ट म्हणजे, भावजींची साखर वाढलेली होती, आणि डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ताईने घरातला साखरेचा डबासुद्धा शेजारी ठेवायला दिला होता.

धाकटीच्या डोक्यात हे सगळं एकाच वेळी जुळलं. बेकरी, ओळखीचं हसू, खांब, रंग. आणि तिला दया आली. गेला अर्धा तास ती या माणसाची यथेच्छ टर उडवत होती, पण बायकोसमोर त्याचं असं वस्त्रहरण करणं तिच्याने होईना. तिने खांब गिळला आणि थेट पुढच्या रिक्षावर गेली.

भावजींची नजर त्या वेळी मागचं दाखवणाऱ्या आरशावर होती. धाकटी क्षणभर थांबली, एवढंच त्यांच्या कानांनी टिपलं.

"गाळलंस," ते म्हणाले.

"काही नाही गाळलं."

"रिक्षाच्या अलीकडे काहीतरी पाहिलंस आणि बोलली नाहीस. मला कळतं. डावीकडे होतं. काय होतं?"

"जाऊ द्या ना, भावजी. महत्त्वाचं नव्हतं."

"महत्त्वाचं काय ते तू ठरवायचं नाहीस हे मी किती वेळा सांगितलं? परीक्षेत एक गोष्ट गाळलीस तर तिथेच संपलं. बोल. डावीकडे काय होतं?"

धाकटीने आरशात ताईकडे पाहिलं, मग समोर रस्त्याकडे.

"डावीकडे खांब," ती म्हणाली. "खांबाला ओरखडा. ओरखड्यात पिस्ता रंग."

मग ताईने अगदी गोड आवाजात गाडी थांबवायला सांगितली. धाकटीने आरसा पाहिला, इशारा दिला, गाडी कडेला लावली. ताई उतरली आणि बेकरीकडे चालत गेली. ती दुकानात शिरली तेव्हा बेकरीवाल्याने काय विचारलं हे तिने नंतर धाकटीला सांगितलं. त्याने विचारलं होतं, "साहेबांचंच ना? नेहमीचं देऊ?"

नेहमीचं म्हणजे क्रीमचा केक निघाला, वर चॉकलेटचा थर. ताई खोका घेऊन परत आली, मागच्या सीटवर नीट बसली, खोका उघडला आणि केक खायला लागली. घाई न करता, बोटं चाटत, शेवटच्या तुकड्यापर्यंत. भावजी समोर पाहत बसले होते. गाडी मागे घेताना मांडीवर खोका होता, असं ते एकदा म्हणाले. खोका सांभाळायला एक हात गेला, नाहीतर असं झालं नसतं, असंही म्हणाले. ताईने फक्त धाकटीला सांगितलं की तू बोलत राहा, मला ऐकायला आवडतंय.

पुढच्या शिकवणीला भावजी जरा ताठच होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी घसा साफ केला आणि एक खुलासा केला. बोलतं ड्रायव्हिंग हे चालत्या, हलत्या आणि धोका निर्माण करू शकणाऱ्या गोष्टींपुरतं असतं. स्थिर खांबांचा त्यात समावेश नाही.

"म्हणजे नियम वाकतो तर," धाकटी म्हणाली.

"नियम वाकत नाही. त्याची व्याख्या अधिक नेमकी केली."

धाकटीने मान डोलावली. दांडी वाकवताना दुकानात आपणही गिऱ्हाइकाला असंच काहीतरी सांगतो, हे तिच्या मनात आलं, पण आजच्या व्याख्येत ते बसत नव्हतं म्हणून ती बोलली नाही.

मात्र त्याच दिवशी एक गोष्ट घडली, जी धाकटीने पुढे कितीतरी दिवस कोणाला सांगितली नाही. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर त्यांच्या पुढे एक टेम्पो चालला होता, टपावर शिडी बांधलेला. भावजींच्या नियमाप्रमाणे धाकटीने मोकळी जागा सोडली होती, जी पाहून मागचा माणूस सारखा हॉर्न वाजवत होता. पूर्वीची धाकटी असती तर त्या हॉर्नला लाजून पुढे सरकली असती. ती सरकली नाही. आणि दोरी सुटून शिडी रस्त्यावर पडली, उसळली, आडवी घसरत आली, तेव्हा ती काय करतेय हे तिला कळायच्या आधी हातांनी आणि पायांनी सगळं करून टाकलं होतं. गाडी सरळ रेषेत, न घसरता, शिडीच्या अलीकडे थांबली. मागचा हॉर्नवाला हॉर्न विसरला होता.

तिचे हात अजून बरोबर दहा वाजून दहा मिनिटांवरच होते. तिने शेजारी पाहिलं. भावजी खिडकीबाहेर बघत होते. शाबास वगैरे म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि तुमचं खरं होतं म्हणणं तिच्या. ती एवढंच म्हणाली, "पुढे शिडी. स्थिर."

"हं," भावजी म्हणाले, आणि मग दोघंही हसत सुटले.

परीक्षेच्या दिवशी ताई आणि भावजी सभागृहाच्या पायरीवर बसून राहिले आणि धाकटी परीक्षकबाईंना घेऊन निघाली. परीक्षकबाई मंडळाच्या सगळ्यात कडक. एके काळी कोर्टात न्यायाधीश होत्या म्हणे. बारीक अंगकाठी, केस मागे घट्ट बांधलेले, आणि चेहरा असा की गाडीत बसल्यावर धाकटीला आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागलं. त्यांनी रस्ता सांगितला आणि त्यापुढे तोंड उघडलं नाही. धाकटी मात्र व्याख्येत राहून छान बोलत होती. चौक झाले, चढ झाला, अरुंद गल्ली झाली. परत सभागृहाकडे वळायची वेळ आली तेव्हा तिला आपण पास होणार असं चक्क वाटायला लागलं.

दवाखान्याजवळ रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत. तिथे एक आजोबा उभे होते, डोक्यावर हॅट, हातात काठी. धाकटीने आधीच वेग कमी केला, पट्ट्यांच्या अलीकडे गाडी थांबवली, हातब्रेक ओढला. आजोबांनी पाय उचलला, गाडीकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. मग अदबीने हात पुढे करून त्यांनी तिला आधी जायला सांगितलं.

आता मंडळाचा याबाबतचा नियम असा की पट्ट्यांवर माणूस असेल तर जायचं नाही, पण त्याला हात करून बोलवायचंही नाही. आपण बोलावलं आणि दुसऱ्या बाजूने कोणी भरधाव आलं तर? ज्याने त्याने स्वतः पाहून ओलांडावं. नियम समंजस होता. आजोबांना मात्र त्याची कल्पना नव्हती. ते जुन्या वळणाचे गृहस्थ होते आणि बाईमाणसाला ताटकळत ठेवून आपण पुढे जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"आजोबा पट्ट्यांपाशी," धाकटी बोलत राहिली. "पाय उचलतात. ठेवतात. मला जायला सांगतायत. मी जात नाही. परत सांगतायत. मागे एक गाडी. मागे तीन गाड्या. आता एक बसही."

तिने आजोबांकडे पाहून मान हलवली. आजोबांनी हॅट उचलून नमस्कार केला. समोरच्या काचेवर ऊन होतं. त्यातून तिचा चेहरा त्यांना दिसत नसणार, हे तिला धंद्यामुळे कळत होतं. गाडीत कोणीतरी आहे, ते थांबलंय, आणि खरंच थांबलंय की नाही याचा भरवसा नाही, एवढंच त्यांना दिसत असणार. एक हात हलला असता तर काम झालं असतं. मागून हॉर्न सुरू झाले. धाकटीचे दोन्ही हात स्टेअरिंगवर चिकटले होते, आणि समुद्र, मुलगा, किनाऱ्याचा रस्ता सगळं त्या हातांना लटकलं होतं. आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि आणखी बराच वेळ उभं राहायच्या तयारीने पाय फाकवले.

धाकटीने दोन्ही बाजूंना नजर टाकली. रस्ता मोकळा होता. तिने उजव्या हाताचं एक बोट स्टेअरिंगवरून उचललं.

तेवढ्यात शेजारची काच खाली गेली. परीक्षकबाईंनी सीटबेल्टमधून जेवढं बाहेर निघता येईल तेवढं अंग बाहेर काढलं आणि अख्खा हात हवेत फिरवला. "या हो आजोबा, या! दोन्हीकडे मोकळं आहे. तुम्ही गेल्याशिवाय आम्ही हलत नाही."

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा हॅट उचलली आणि टुकूटुकू रस्ता ओलांडून गेले. परीक्षकबाई आत आल्या, काच वर केली, केसांवरून हात फिरवला आणि समोर पाहायला लागल्या.

धाकटीच्या जिभेवर वाक्य येऊन बसलं होतं. हलती गोष्ट होती, व्याख्येत बसत होती. तिने ते गिळायचा खरोखर प्रयत्न केला.

"डावीकडून हात," ती म्हणाली. "हात परीक्षकबाईंचा. आजोबा पलीकडे पोचले. आरसा पाहते, निघते."

सभागृहापाशी गाडी थांबल्यावर परीक्षकबाईंनी विचारलं, "मी हात केला नसता तर तुम्ही काय करणार होता?"

"मीच केला असता. एक बोट उचललंही होतं."

"ते मी पाहिलं. त्याचे गुण कापलेत."

"आणि तुमच्या हाताचे?"

"आज परीक्षा माझी नव्हती," परीक्षकबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांच्या एका टोकाला काहीतरी झालं, पण ते हसू होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. "पास आहात. विशेष श्रेणी नाही."

धाकटीला विशेष श्रेणी नकोच होती. ती उड्या मारतच पायरीपाशी आली आणि सवयीने किल्ली भावजींच्या हवाली केली. पण विशेष श्रेणी गेली हे भावजींना सहन झालं नाही. गुण कशाचे कापले, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि कळल्यावर तरातरा परीक्षकबाईंकडे गेले. सभागृहाच्या दारात उभं राहून त्यांनी जे भाषण ठोकलं ते ऐकून दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. परिस्थिती पाहायला नको का, भावजी विचारत होते. म्हातारा माणूस, डोळ्यांवर ऊन, दोन्हीकडे रस्ता मोकळा, अशा वेळी नियम कवटाळून बसणाऱ्याला चालक म्हणायचं की पुतळा? नियम माणसांसाठी असतात की माणसं नियमांसाठी? माझ्या विद्यार्थिनीने डोकं चालवलं आणि तुम्ही त्याचे गुण कापता? परीक्षकबाई थंडपणे नियमाचं पान आणि ओळ सांगत होत्या. भावजी त्या ओळीचा वेगळा अर्थ लावून दाखवत होते.

हे लवकर आटोपणारं नाही हे ताईने ओळखलं. ती भावजींपाशी गेली, त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली, फ्रिजमध्ये भाजी आहे आणि पोळ्या शेजारून आणा म्हणून सांगितलं. आपणही आठवडाभर जातोय, हेही तिने त्याच दमात सांगितलं. भावजींनी हो हो म्हणून मान हलवली. त्यांना यातलं काय ऐकू गेलं हे संध्याकाळी घरी पोचल्यावरच त्यांना कळलं असावं.

दोघी बंदरात पोचल्या, मुलाला भेटल्या, मासळीबाजारात हिंडल्या, दीपस्तंभावर चढून धापा टाकत उतरल्या. घरी फोन केला की भावजी पहिल्यांदा गाडीची विचारपूस करायचे, मग बायकोची.

परतीच्या वाटेवर किनाऱ्याला लागून एक मैदान लागलं, समुद्राच्या वाऱ्याने सपाट झालेलं, चिटपाखरू नसलेलं. ताईने तिथे थांबायला सांगितलं. धाकटीला वाटलं, तिला पाय मोकळे करायचे असतील. ताई उतरली, पण समुद्राकडे गेली नाही. गाडीला वळसा घालून ती चालवणाऱ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली.

वडिलांनी गाडी घेतली तेव्हा ताईचं लग्न होऊन गेलं होतं. धाकटीला त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. ताई माहेरी आली की तिला मागे बसवून फिरवून आणलं. त्यानंतर ती कायम मागेच बसत आली. अर्ध्या गाडीची मालकीण, आणि आजवर तिने कधी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ती नेली नव्हती. कोणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही.

"सरक," ताई म्हणाली.

धाकटी सरकली. ताईने बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या रिकाम्या मैदानाकडे असं पाहिलं जणू तिथून कुठूनही काहीही येऊ शकतं. मग तिने विचारलं की आधी काय शिकायचं असतं, ह्यांचे ते नियम, की तुझ्यासारखं जमेल तसं?

धाकटीने विचार केला. एकीकडे तिला शिडी आठवली आणि दुसरीकडे हॅट उचलणारे आजोबा. दोन्हींचा मेळ घालणारं काहीतरी चांगलं वाक्य सांगावं असं तिला फार वाटलं, पण ते काही सुचेना.

"आधी सीट पुढे घे," ती म्हणाली. "तुझे पाय पोचत नाहीयेत."